पाठमोरी माणसं

पांढरकवडा
१६ जानेवारी २००६

उस्ताद अमरसिंग यांच्या पायाशी,

हे पत्र तुमच्या कारभारणीच्या, रामीयाडीच्या, हाती पडलं तरी तिला ते वाचता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणं तुम्हाला आवडणार नाही. म्हणजे तुम्हालाच वाचावं लागेल, नाहीतर चुलीत घालावं लागेल. चुलीत घालण्याआधी निदान पहिलं पान वाचा, एवढीच विनंती.

महागावच्या गाडीवरचा कंडक्टर उत्तमसिंग तुमच्याच तांड्यावरचा आहे हे मला परवा कळलं. मी स्टँडवर वेळापत्रकाची पाटी रंगवत होतो. तो मागं उभा राहून अक्षरं पाहत होता. म्हणाला, "हा 'म' तर आमच्या अमरसिंगबापूचा." मी म्हटलं, त्यांनीच शिकवला. मग त्यानं सांगितलं की बापू दिवाळीपासून खोकतात, अंगावरचं मांस उतरलं आहे आणि दवाखान्याचं नाव काढलं की शिव्या देतात. शिव्या देतात हे ऐकून मला जरा धीर आला.

उस्ताद, तुम्ही मला काढून टाकलं तो दिवस मी उकरून काढत नाही. हैदराबादचा ट्रकवाला म्हणाला की पुढची गाडी या पोराकडून रंगवून घेऊ, आणि त्याच दिवशी दुकानाचं शटर ओढता ओढता तुम्ही मला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मी कारण विचारलं नाही. आजही विचारत नाही. तेव्हा मी तिशीच्या आत होतो, आता पन्नाशीला आलो आहे. इतका काळ गेल्यावर कारणाला काही किंमत राहत नाही.

पण एक गोष्ट अर्धी राहिली आहे, ती तुमच्याशिवाय कुणी पुरी करू शकत नाही. आपल्या दुकानाचा कायदा होता की चेहऱ्यातले डोळे उस्तादच उघडणार. शागिर्दानं डोळे काढायचे तर आधी उस्तादानं आपला बारीक ब्रश आपल्या हातानं त्याच्या हातात द्यायचा. तुम्हाला तो आदिलाबादला तुमच्या उस्तादानं दिला होता. मला मिळायच्या आधीच मी बाहेर पडलो. म्हणून मी आजवर एकही डोळा काढलेला नाही. साडीच्या दुकानाची पाटी असली तर बाई पाठमोरी काढतो, वेणी आणि पदर दिसेल अशी. किराण्याच्या पाटीवर पोतं नेणारा हमाल पाठमोरा. बियाण्याच्या दुकानावर वावराकडं पाहणारा माणूस, तोही पाठमोराच. देवाची पाटी आली तर नुसती पावलं काढतो. गावात मला 'पाठमोरा पेंटर' म्हणतात. कुणाला फोटोवरून चेहरा हवा असला तर मी त्याला वणीच्या पेंटरकडं पाठवतो. बायको म्हणायची, कोण बघायला येतं तुमचा कायदा. मी तिला सांगायचो की तो पाळताना कुणी बघावं लागत नाही.

आता इथले दीनानाथशेठ, कापडाचे व्यापारी, यांना दुकानावर नवी पाटी हवी आहे. कापसाचं हे असं साल आहे, खरेदी कधी सुरू होते आणि कधी बंद पडते याचा पत्ता नसतो, आणि लोकांच्या हाती पैसा नाही म्हणून कापडाच्या दुकानात माणूस शिरत नाही. बाकी सगळ्यांनी फ्लेक्स लावले. शेठ म्हणतात, "उकंडा, मले हातची पाटी पायजे, अन् त्यात हसरी माणसं पायजेत. तोंडं दिसली पायजेत." मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.

म्हणून हे पत्र. मला तुमच्या हातून ब्रश हवा आहे. तोंड वाकडं करून दिलात तरी चालेल.

आणखी एक सांगतो, मग थांबतो. शेठची मुलगी मिताली नागपूरला चित्रकला शिकते. तिनं सुट्टीत एक जाड पुस्तक आणलं, त्यात फ्रान्सच्या एका चित्रकाराची गोष्ट आहे. नाव वातो. तीनशे वर्षांपूर्वीचा. कौलं शाकारणाऱ्याचा मुलगा. पायी चालत पॅरिसला गेला, खिसा रिकामा. तिथं एका पुलावर चित्रांचं दुकान होतं, त्यात त्याला काम मिळालं. ते दुकान म्हणजे आपलंच दुकान हो उस्ताद. एक जण नुसतं आभाळ रंगवायचा, एक नुसते कपडे, एक डोकी. संताची तीच ती तसबीर डझनानं निघायची. आठवड्याची थोडी मजुरी आणि रोजचं सूप. मला आपली हायवेवरची ट्रकची लाइन आठवली. तुमच्या घरचा धरमू कमळं काढायचा, मी अक्षरं, आणि डोळ्यांपुरते तुम्ही यायचे.

एकदा या वातोला एका म्हाताऱ्या बाईचं चित्र उतरवायला दिलं होतं. पाहायला मूळ चित्र माडीवर मालकिणीकडं ठेवलेलं असायचं. दुपार झाली तरी हा ते मागायला गेला नाही. मालकीण चिडून खाली आली, तर यानं आठवणीनंच सगळं चित्र पुरं केलं होतं. फक्त चष्मा राहिला होता. तो नाकावर नेमका कुठं बसतो, तेवढं पाहायला त्याला मूळ चित्र हवं होतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि हात जोडले. मिताली हसली. कुणाला हात जोडले हे मी तिला सांगत बसलो नाही.

तुमचा,
उकंडा


पांढरकवडा
५ फेब्रुवारी २००६

उस्ताद,

तुमचं उत्तर आलं नाही. पण उत्तमसिंगानं निरोप सांगितला, तुमच्याच शब्दांत: "ब्रशचं काही बोलू नोको म्हना त्याले. त्या पुलावरच्या पेंटरचं पुढं काय झालं ते विचार." म्हणजे दुसरं पानही चुलीत गेलं नाही.

सांगतो. मितालीकडून ऐकून मी वहीत उतरवून घेतलं आहे. ती कोर्सच्या अभ्यासासाठी वाचते आणि मला मराठीतून सांगते. मध्येच थांबून म्हणते, "काका, तुम्ही असं काय बघताय?"

हा वातो पुढं फार मोठा झाला. बागेत जमलेली माणसं, गाणीबजावणी, रेशमी कपडे, नाटकातली सोंगं, असं काढायचा. कपड्याच्या चुण्यांवर उजेड असा पडतो की कापडाची जात कळते. दीनानाथशेठ चष्मा लावून म्हणाले, "हे साटिन आहे." आणि उस्ताद, यानं किती माणसं पाठमोरी काढली आहेत. बाई गवतावर बसली आहे, मान जरा वळवलेली, आणि मानेवर सुटलेले चार केस. तोंड दिसत नाही. तरी ती कुणाचं बोलणं ऐकते आहे आणि ते तिला पटलेलं नाही हे मला कळलं. मला वाटत होतं की पाठ काढणं म्हणजे ज्याला चेहरा येत नाही त्याची पळवाट. या माणसाला चेहरे येत होते. तरी त्यानं पाठ काढली. त्या दिवशी मी गावातल्या संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला गेलो, पण माझं लक्ष समोर बसलेल्यांच्या पाठींवरच होतं.

आता खरी गोष्ट. वातोला छातीचा रोग होता, टीबी. तरुणपणापासूनच. इलाजासाठी तो समुद्रापलीकडं लंडनलाही जाऊन आला, तिथून जास्तच बिघडून परतला. त्याचा एक मित्र होता, चित्रं विकणारा, पुलावरच त्याचं नवं दुकान होतं. वातो त्याच्याकडं राहायला गेला आणि म्हणाला की तुझ्या दुकानाची पाटी मी रंगवतो, माझी बोटं आखडली आहेत, ती मोकळी होतील. मित्र नको म्हणत होता. एवढ्या मोठ्या चित्रकारानं दुकानाची पाटी रंगवायची? पण यानं हट्ट धरला. फक्त सकाळी काम करायचा, कारण त्यापुढं अंगात ताकद राहत नसे. आठवडाभरात पुरी केली. समोर खरी माणसं उभी करून, पाहून पाहून.

उस्ताद, ती पाटी म्हणजे तेच दुकान. दुकानाची रस्त्याकडची भिंत काढून टाकली आहे, म्हणून रस्त्यावर उभं राहिलं की आतलं सगळं दिसतं. भिंतीवर वरपर्यंत चित्रं. डाव्या हाताला हमाल एका लाकडी खोक्यात राजाची तसबीर ठेवून राहिले आहेत. त्यांचा सगळ्यात मोठा राजा, काही वर्षांपूर्वीच वारलेला. तो खोक्यात चालला आहे आणि हमालाच्या तोंडावर फक्त वजन आहे. उजवीकडं खाली एक कुत्रं स्वतःच्या पिसवा शोधत बसलं आहे. आणि मधे एक बाई, गुलाबी रेशमी झग्यात, रस्त्यावरून दुकानात चढते आहे. पाठमोरी.

हे चित्र त्या दुकानावर जेमतेम पंधरवडाभर लटकलं. मग कुणीतरी विकत घेतलं आणि पाटी गेली. आज ती जर्मनीतल्या एका राजवाड्यात आहे. पण रंगवताना त्याला ठाऊक होतं की ही पाटी आहे, रस्त्यावर लागणार, धूळ खाणार, पाऊस खाणार. तरी कुत्र्याच्या पायावरचा उजेडसुद्धा यानं सोडला नाही. आपण ट्रकच्या फाळक्यावर कमळ काढायचो तेव्हा तुम्ही म्हणायचे, चिखल लागनार आहे म्हून चिखलासारखं काढू नोको. तुम्ही ते कुठं वाचलं नव्हतं.

तो पुढच्याच वर्षी गेला. सदतीस पुरे नव्हते.

आता माझं ऐका. त्याच्या छातीत जे होतं त्याला तेव्हा जगात औषध नव्हतं. लंडनच्या मोठ्या डॉक्टरकडं नव्हतं. राजाच्या वैद्याकडं नव्हतं. आज ते महागावच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, माणसाच्या नावाच्या डब्यात भरून. माझा मावसभाऊ ते घेऊन बरा झाला आणि आता तो वावरात कापसाची पऱ्हाटी उपटतो. मी काल ही गोष्ट मितालीला बोललो तर तिनं पुस्तकातलं पाटीचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या उस्तादांना जे मिळतंय ते वातोला मिळालं असतं तर..." मी म्हटलं, मिळतं आहे कुठं, ते घेत नाहीत.

वातोच्या शेवटच्या दिवसांतली अजून एक गोष्ट आहे. ती मी लिहीत नाही.

उकंडा


पांढरकवडा
२७ फेब्रुवारी २००६

उस्ताद,

तांड्यावर आपलं जे बोलणं झालं ते कागदावर असलेलं बरं. कारण तब्येत सुधारली की तुम्ही म्हणाल मी असं बोललोच नाही, आणि रामीयाडी तुमची बाजू घेईल.

मी आत आलो तेव्हा तुम्ही खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. याडी म्हणाली, पाहा कोण आलं. तुम्ही न वळता म्हणालात, "बूट नाही वाजले. उकंडा असन." चपला बाहेर काढून आत यायची माझी दुकानातली सवय तुम्ही विसरला नव्हता.

मी वातोच्या त्या पाटीची रंगीत झेरॉक्स पिशवीतून काढली, तेव्हा तुम्ही उठून बसलात आणि चष्मा मागितला. चित्र आधी उलटं धरून पाहिलंत, आपण पाटीचा तोल पाहायचो तसं. मग सुलटं केलंत. बराच वेळ खोकला आला नाही. याडीच्याही ते लक्षात आलं, तिनं मला खूण केली. मग त्या गुलाबी झग्यावर बोट ठेवून म्हणालात, "पाह्य. पाय उचलला हिनं, पन अंगाचा भार मागच्याच पायावर आहे. अजून आत आली नाही हे." मी ते चित्र महिनाभर पाहत होतो, मला ते दिसलं नव्हतं.

मग तुम्ही ती राहिलेली गोष्ट मागितली. मी टाळत होतो. तुम्ही म्हणालात, "लपवतो काहून? पत्रात लिहून ठेवतो, लिहीत नाही म्हून, अन् वरून लपवतो. सांग."

म्हणून सांगितली. वातोच्या गावचा एक मुलगा त्याच्याकडं शिकायला होता, नाव पातेर. वातोचा स्वभाव तापट, त्यानं त्याला घालवून दिलं. मरायला टेकला तेव्हा त्याच्या मनाला ते लागलं. त्यानं पातेरला बोलावणं पाठवलं आणि कबूल केलं की तुझा हात पाहून मला भीती वाटली होती, म्हणून मी तुझं नुकसान केलं. मग जेवढे दिवस उरले होते तेवढे दिवस त्याला समोर बसवून शिकवलं. पातेर पुढं जन्मभर सांगायचा की मला जे येतं ते त्या दिवसांतलं.

याडीचा भाकरी थापणारा हात थांबला होता. मी जमिनीकडं पाहत होतो. तुम्ही झेरॉक्सची घडी घातली आणि म्हणालात, "त्यानं मरताना कबूल केलं. मी मेलो नाही अजून."

"मग मरू नका," मी म्हटलं.

तुम्ही हसलात, मग खोकलात, मग राग आला. "तुले ब्रश पायजे न? बरोबर वेळेवर आला. मरनाऱ्याच्या घरी सारे वाटनीलेच येतात. धरमूले हे घर पायजे, पुतन्याले वावर पायजे, तुले ब्रश पायजे."

उस्ताद, बसमध्ये मी काय काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "ब्रश नाही मागत. आज नाही आणि पुढंही नाही. तुम्ही गोळ्या सुरू करा."

"अन् चेहरे?"

"नाही काढणार."

"दुसऱ्या उस्तादाकून घेशीन."

"नाही घेणार."

"सेवालालच्या दिव्याकडं पाहून म्हन."

मी तुमच्या त्या संताच्या तसबिरीपुढच्या दिव्याकडं पाहून म्हटलं. याडीला ते आवडलं नाही, ती तुमच्याशी तुमच्या तांड्याच्या गोरबोलीत बरंच काही बोलली. मला सगळं कळलं नाही, पण तुम्ही मान खाली घातलीत यावरून अंदाज आला. शेवटी तुम्ही म्हणालात, "उद्या पहिल्या गाडीनं जाऊ."

गेलो. थुंकी तपासली, डबा मिळाला. तुमच्या तांड्यावरच्या अंगणवाडीच्या दीपाताई आपल्यासमोर गोळ्या गिळायला लावणार असं ठरलं. त्या एखाद्या पोरासारखं तुम्हाला "आ करा" म्हणाल्या आणि तुम्ही केलंत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परतीच्या गाडीत मला वाईट वाटलं नाही. हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं थांबलो. थोडं वाटलं. पण आर्णीजवळ खिडकीतून एक माणूस दिसला, कापूस वेचून झालेल्या वावरात उभा, पाठमोरा, हातात काही नाही. मी त्याला यवतमाळ येईपर्यंत मनातल्या मनात काढत होतो. डोळ्यांची आठवण झाली नाही.

कबूल केलं ते केलं. तुम्ही गोळी चुकवू नका.

उकंडा


पांढरकवडा
३० एप्रिल २००६

उस्ताद,

दीपाताईंनी उत्तमसिंगाबरोबर जो निरोप पाठवला तो ऐकून मी आणि शेठ दुकानाच्या पायरीवर बसून हसलो. तुमच्या डब्यावर दवाखान्यातल्या माणसानं तुमचं नाव घाईत खरडलं होतं, 'अमरसींग', ओळ तिरकी. दोन महिने तुम्ही ते सहन केलंत. आणि मग परवा गोळी गिळायच्या आधी तुम्ही अडून बसलात की या डब्यातून मी खाणार नाही. घरातला जुना काळा रंग, त्यात टर्पेंटाइन, आणि सगळं नाव पुन्हा लिहिलंत, खाली सावलीसकट. दीपाताई म्हणाल्या की आता बाकीचे रोगीही डबे घेऊन तुमच्याकडं येतात. तुमचा हात चालला. आखडलेली बोटं मोकळी झाली. मी हे मितालीला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, "काका, हे खरंच घडलं?"

शेठची पाटी सुरू केली आहे. पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून झालं, वर पांढरा झाला, ओळी आखायला खडूचा दोरा मारला. माथ्यावर श्री लिहिलं. मग आत काय काढायचं यावर शेठशी वाद झाला. त्यांना पाच हसऱ्या बाया हव्या होत्या, हातात पिशव्या, काउंटरवर गर्दी. मी त्यांना सगळं सांगितलं, ब्रशाचं आणि दिव्याचंही. त्यांनी समोरचा कापडाचा गठ्ठा पुन्हा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "मंग तुले जे जमते ते काढ बाप्पा. पन गिऱ्हाईक आलं पायजे."

मी ठरवलं की खरी माणसं पाहून काढायची, त्या फ्रान्सच्या पाटीसारखी, दुकानाची भिंत काढून. म्हणून रोज सकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर बसतो आणि दुकानात कोण येतं ते पाहतो. उस्ताद, येतात हो. घेत नाहीत, पण येतात. राळेगावकडची मथुराबाई नावाची एक बाई आहे, लेकीचं लग्न मागच्या वर्षी ठरलं होतं, ते या वर्षावर गेलं, आता पुढच्यावर. ती बाजाराच्या दिवशी येते, एका जांभळ्या साडीचा पदर चिमटीत धरते, अंगठ्यानं दाबून पाहते, ठेवते आणि निघून जाते. शेठ तिला कधी हटकत नाहीत. घडी तिथंच, त्याच जागी ठेवतात.

तिला काढली. पाठमोरी, खांद्यावर रिकामी पिशवी, हात कापडावर. पाय पायरीवर आहे, पण भार मागच्या पायावर. हे तुम्ही दाखवलं म्हणून मला तिच्यात दिसलं. पाटीवर ती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शेठ, पाठमोरेच, वरच्या फळीवरून गठ्ठा काढायला हात उंच केलेले. मधे सगळं कापड. कापडाच्या एकाही चुणीवरचा उजेड मी सोडला नाही.

शेठनं पाहिलं आणि म्हणाले, "हे तर घेतच नाही." मी म्हटलं, अजून ती निघालीही नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग आत जाऊन चहा सांगितला.

आणि बाजाराच्या दिवशी मथुराबाई आली. रस्त्यावरच थांबली. मी टपरीवरून पाहत होतो. ती म्हणाली, कुणाला म्हणाली ठाऊक नाही, "हे मी आहो. माही पाठ मी कधी पाह्यलीच नव्हती." आत गेली, साडी चिमटीत धरली आणि ठेवली. बाहेर आली तेव्हा ताठ चालत होती.

वातोची एक गोष्ट राहिली होती, तुम्हाला आवडेल म्हणून लिहितो. मरणाच्या वेळी पाद्री त्याच्यासमोर देवाची लाकडी मूर्ती धरून उभा होता. वातो म्हणाला की ती बाजूला घ्या, मला बघवत नाही, माझ्या मालकाला इतकं वाईट कसं कोरलं. पुस्तकात ही दंतकथा असावी असंही म्हटलं आहे. मी भक्त माणूस आहे, मला वाटलं होतं की हे ऐकून धक्का बसेल. उलट मला त्या माणसाची भक्ती फार मोठी वाटली. त्याला देव नीट काढलेला हवा होता.

उकंडा


पांढरकवडा
१८ ऑगस्ट २००६

उस्ताद,

काल रस्त्यात तुम्ही जे म्हणालात त्याला मी उत्तर न देता चहा आणायला गेलो, त्याचा राग धरू नका. चहा पिताना आपण डब्याबद्दल बोललो, शेवटची गोळी झाली त्याबद्दल, दवाखान्यातल्या बाईनं कागदावर 'बरा झाला' असा शिक्का मारला आणि तो शिक्का तिरका बसला त्याबद्दल. मग तुमची गाडी आली. उत्तर राहिलं. ते आता देतो.

तुम्ही स्टँडवरून चालत आलात. मी दुकानासमोर पोचलो तेव्हा तुम्ही आधीच रस्त्याच्या मधोमध उभे होता, पाटीकडं तोंड करून. मागं ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. शेठ पायरीवर उभे, हात जोडून, पण तुमचं लक्ष नव्हतं. मी तुमच्या मागं थांबलो. तुम्हाला मी आल्याचं कळलं होतं, कारण न वळता तुम्ही म्हणालात, "मी दिव्यासमोर तुह्याकून म्हनवून घेतलं, ते मी मोडतो. काढ आता डोळे. माह्याकून तू मोकळा आहे." आणि मग हळू आवाजात: "मी जळलो होतो, उकंडा. मरताना नाही सांगत, चांगला असताना सांगतो."

उस्ताद, ज्या गोष्टीसाठी मी जानेवारीत पत्र लिहिलं ती तुम्ही दिलीत. एवढ्या वर्षांची इच्छा. आणि मला आनंद होण्याआधी एक वेगळीच गोष्ट दिसली, ती अशी की तुमची पाठ भरली आहे. शर्ट खांद्यावर नीट बसला आहे. श्वास घेताना खांद्यामागच्या दोन्ही फऱ्या सारख्या वर येतात. फेब्रुवारीत तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता तेव्हा उजवी फरी हलतच नव्हती.

मला हे इतकं लगेच कसं कळलं, याचा मी रात्रभर विचार केला. मग कळलं.

आपल्या दुकानात शागिर्दाची जागा उस्तादाच्या मागं असायची. रंगाचे डबे पुढं करायचे, ब्रश पुसून द्यायचे आणि खांद्यावरून पाहायचं. मी तुमच्या मागं बसून मोठा झालो. अवघड अक्षर आलं की तुमची मान आत ओढली जायची. रंग मनासारखा जमला की उजवा खांदा सैल पडायचा. रागावलात की पाठ फळीसारखी व्हायची, आणि हसू दाबलंत की कमरेजवळ शर्ट हलायचा. तोंड न पाहता मला तुमचं सगळं कळायचं. मथुराबाईच्या पाठीत, त्या हमालाच्या, त्या सगळ्या साडीवाल्या बायांच्या पाठींत मी जे ओतलं ते तिथून आलं आहे. या गावात जिथं जिथं माझी पाटी आहे तिथं तिथं तुम्ही उभे आहात. मला वाटायचं की मी डोळे काढत नाही ते ब्रश मिळाला नाही म्हणून. खरं असं आहे की डोळ्यांसाठी माझ्याजवळ काहीच साठलेलं नाही. तुमचे डोळे घारे आहेत की काळे, हे मला आत्ता सांगता येत नाही.

शेठच्या पाटीतल्या माणसांना मी वळवणार नाही. ती तशीच बरी आहेत.

पण पोळा झाला की एक दिवस या. रामीयाडीलाही आणा. मी दुकानात खुर्ची मांडून ठेवतो, दाराच्या बाजूला, सकाळचा उजेड येतो तिथं. ब्रश आणायची गरज नाही, रंगही कालवलेला नसेल. तुम्ही फक्त माझ्याकडं तोंड करून बसा. आधी मला नुसतं पाहायचं आहे.

तुमच्या मागं बसलेला,
उकंडा